रविवारची नणंद

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. त्याआधी अकरा वर्षं वॉर्डात काढली, त्यामुळे माझा आवाज जरा चढाच लागतो आणि कुठेही चादरीला सुरकुती दिसली की हात आपोआप तिकडे जातो. ही सवय मला नेहमी गुणासारखीच वाटत आली होती.

त्या वर्षी मी पीएच.डी.च्या मागे हात धुऊन लागले होते. विषय मनापासून निवडला होता: घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणाऱ्या नातेवाइकांवर काय ताण येतो. रुग्ण घरी गेला की आपण फाइल बंद करून मोकळे होतो, पुढे वर्षानुवर्षं त्याला उचलणारी, पुसणारी, भरवणारी जी बाई असते तिच्याकडे कुणी बघतच नाही, असं मी प्रत्येक व्याख्यानात सांगायचे. सांगताना हातातली टिपणं मी बाजूला ठेवायचे. ते नाटक नव्हतं. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

अभ्यासाला एकशे वीस घरं हवी होती. शेवटच्या वर्षाच्या बारा मुली तशाही वस्तीत घरभेटींना जायच्या, तेव्हा प्रत्येकीला दहा घरं वाटून दिली. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी रजिस्टरवरून घरक्रमांकांच्या याद्या काढून दिल्या. त्या मी नीट वाचायला हव्या होत्या. वरवर चाळल्या आणि मुलींच्या हातात दिल्या. फॉर्मवर नाव नाही, फक्त क्रमांक. बावीस प्रश्न खुणा करायचे आणि शेवटी एक मोकळा, 'तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?' त्याखाली अर्धं पान कोरं. मुलींना मी बजावलं होतं, "त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. स्वतःचं शहाणपण घालू नका. आणि घरातलं ऐकलेलं बाहेर जाता कामा नये."

बारा जणींत एक होती, तिला सगळा वर्ग मुंगी म्हणायचा. उंचीने लहान आणि पाठीवर कायम तिच्याहून मोठी पिशवी. वर्गात कधी हात वर करायची नाही, पण काम दिलं की ते झालंच असं समजावं. इतर मुली दहा घरं चार दिवसांत उरकून आल्या. मुंगीला दोन आठवडे लागले. "एवढा वेळ कसा लागतो गं?" असं विचारलं तर म्हणाली, "मॅडम, त्या बोलत असतात. मधेच कसं उठायचं?"

आता माझ्या घरचं सांगते.

माझ्या आईला तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती, दिवसभर बोलणं हेच तिचं काम. त्या बाईला आता एकच शब्द उरला, 'अगं'. भूक लागली तरी अगं, पाय दुखला तरी अगं, राग आला की तोच अगं जरा मोठ्याने. समजत मात्र सगळं होतं.

दादा जहाजावर असतो, वर्षातले दहा महिने पाण्यावर. तेव्हा आईचं सगळं वहिनीकडे आलं. वहिनी एका शाळेच्या ग्रंथालयात होती. आधी तिने रजा घेतली, मग वाढवली, मग नोकरी सोडली. हे ठरलं कधी, कुणी ठरवलं, मला आठवत नाही. मी त्या चर्चेत होते का, तेही आठवत नाही. वहिनी आणि मी एकाच वयाच्या. लग्न होऊन आली तेव्हा ती मला गमतीने 'वन्सं' म्हणायला लागली आणि तेच नाव पडलं. ती मला अहो-जाहो करायची, मी तिला तू.

मी दर रविवारी जायचे. आईची पाठ बघायचे, कुठे लाल झालंय का, बेडसोरची सुरुवात आहे का. चादर ताणून बघायचे. औषधांचा डबा मोजायचे. कूस बदलण्याचा एक तक्ता करून भिंतीला लावला होता, दर दोन तासांनी बदलली की खूण करायची. खुणा चोख असायच्या. तीन वर्षांत आईच्या पाठीला एक जखम झाली नाही. हे मी कॉलेजात कौतुकाने सांगायचे, "आमच्या घरी बघा, नीट तक्ता ठेवला की काय होतं ते." तक्त्याचं कौतुक करायचे मी.

सगळे फॉर्म जमा झाले तेव्हा एका गुरुवारी मी मुलींना प्रात्यक्षिकाच्या खोलीत बोलावलं. लांब टेबलावर गठ्ठे, भोवती बारा जणी. एकेकीचे फॉर्म मी तपासत होते. मुंगीचा गठ्ठा घेतला तशी ती जरा पुढे सरकली. "मॅडम, शेवटून दुसरा बघा. त्या काकू दोन तास बोलल्या. फार रडल्या."

मी तो उघडला. बावीसपैकी बहुतेक खुणा शेवटच्या रकान्यात, 'जवळजवळ नेहमी'. खाली अर्धं पान पुरलं नव्हतं म्हणून मुंगीने मागच्या बाजूलाही बारीक अक्षरात लिहिलं होतं.

'सासूबाईंना एकच शब्द येतो, अगं. दिवसातून तीन-चारशे वेळा ऐकते. माझं नाव काय ते मी स्वतःच विसरेन असं वाटतं.

'मदतीला नणंद येते. रविवारी. ती नर्सिंगच्या कॉलेजात शिकवते. आली की आधी सासूबाईंची पाठ बघते, मग चादर बघते, मग औषधाचा डबा बघते. माझ्याकडे बघत नाही.

'भिंतीवर तिचा तक्ता आहे. रात्रीच्या खुणा मी सकाळी एकदम करून टाकते. कूस बदलते, पण घड्याळ बघून नाही होत.

'गेल्या महिन्यात सासूबाईंनी चमचा फेकला आणि मी त्यांच्या हातावर चापट मारली. जोरात. मग नळ सोडून बाथरूममध्ये बसले. त्या आतून हाका मारत होत्या आणि मी गेले नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.'

सगळ्यात आधी मला काय वाटलं ते खरं सांगते. लाज नाही वाटली. संताप आला. माझ्या आईला मारलं? आणि त्या संतापाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते 'माझ्याकडे बघत नाही' या ओळीपाशी अडकून बसलं होतं. तिकडे मला जायचंच नव्हतं.

तेवढ्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीने वाकून वाचायला सुरुवात केली, मोठ्याने. "'मदतीला नणंद येते. रविवारी.' अगं ऐका ना, 'मग चादर बघते, मग औषधाचा डबा...' बाई गं! नणंद आहे की तपासणी अधिकारी?"

मुली खळखळून हसल्या. "नर्सिंग कॉलेजात शिकवते म्हणे," दुसरी म्हणाली. "आपल्या कॉलेजात नाही ना?"

त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. निव्वळ थट्टा होती, कुणाच्या मनात काही नव्हतं. मला मात्र भर चौकात उघडं पडल्यासारखं झालं. मी फॉर्म टेबलावर आपटला.

"हा खोटा आहे," मी म्हणाले.

हसणं जागच्या जागी थांबलं.

"एवढ्या खुणा सलग एकाच रकान्यात? आणि हे असं गोष्टीतल्यासारखं? कुणी बोलतं का असं?" मी मुंगीकडे वळले. "खोलीवर बसून लिहिलास ना हा?"

"नाही मॅडम." तिला आधी कळलंच नाही. ती जवळजवळ हसत होती, मी चेष्टा करतेय असं वाटून. "मी गेले होते. दुसऱ्या मजल्यावर घर आहे. त्या आजी..."

"घराबद्दल बोलायचं नाही, सांगितलंय ना?"

"पण मॅडम, मी खरंच..."

"खोटी माहिती देणं म्हणजे काय असतं, ठाऊक आहे? उद्या वॉर्डात रुग्णाचा रक्तदाब न मोजता आकडा लिहिशील. माणूस मरेल तुझ्या हातून."

हे मी बोलले. बारा जणींसमोर, एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला. तिच्या घरभेटींच्या वहीत लाल पेनाने 'अविश्वसनीय' असं लिहिलं, आणि एकच फॉर्म काढला तर शंका येईल म्हणून तिचे दहाच्या दहा फॉर्म बाजूला ठेवले. मुंगी रडली नाही. तिने पिशवी उचलली, पाठीवर घेतली आणि तशीच उभी राहिली. मी 'जा' म्हणेपर्यंत जायचं असतं हेही तिला सुचत नसावं.

रविवारी मी नेहमीसारखी घरी गेले. आत शिरले ती थेट आईपाशी. पाठ बघितली नाही. तिचा डावा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, मनगट दाबून बघितलं. महिन्याभरापूर्वीच्या चापटीचा काय वळ राहणार? तरी मी शोधत होते. मान वर केली तर वहिनी दारात उभी होती, हातात टॉवेल, आणि माझ्या हाताकडे बघत होती.

"कुणी मुलगी आली होती का इथे?" मी विचारलं. "कॉलेजातली?"

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. "नाही," ती म्हणाली. "कुणी नाही आलं."

आणि मी काय केलं असेल? त्या 'नाही'चा आधार घेतला! ती घाबरून खोटं बोलतेय हे मला शंभर टक्के कळत होतं. तरी जिना उतरताना मी स्वतःला समजावत होते, बघ, घरची बाईच सांगतेय कुणी आलं नाही म्हणून. म्हणजे तू बोललीस ते अगदीच खोटं नव्हतं. एवढी शिकलेली बाई मी! जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मला स्वतःचीच किळस आली. पण तेवढ्याने मी परत वर गेले नाही.

पुढचे दोन आठवडे मी एकशे दहा फॉर्मचे आकडे भरत राहिले.

कॉलेजात एक विद्यार्थी कल्याण समिती होती. मुलींना ताण आला, झोप लागेना, घरची आठवण येऊन जेवण जाईना, तर त्यांनी समितीकडे यायचं. दारावर पाटी होती आणि पाटीवर अध्यक्ष म्हणून माझं नाव. वर्षभरात मोजून तीन मुली आल्या होत्या. चौथी आली ती मुंगीची खोलीतली मैत्रीण, उंच, ठसठशीत, बोलायला फटकळ. ती बसली नाही.

"मॅडम, समितीच्या नियमात लिहिलंय की मैत्रिणीबद्दलही सांगता येतं. म्हणून आले."

"बोल ना."

"मुंगी बारा दिवस ड्यूटीवर नाही. मेसमध्ये येत नाही. मी ताट घेऊन जाते, दोन घास खाते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. मला सारखं विचारते, 'मी त्या दिवशी बाहेर गेले होते ना गं? तू मला जाताना बघितलंस ना?' मी तिला गेटपर्यंत सोडायला गेले होते, मॅडम. मी बघितलंय तिला जाताना."

मी टेबलावरचा कोरा अर्ज पुढे ओढला. हात काहीतरी करायला हवेत म्हणून. अर्जावर पहिलाच प्रश्न होता, 'त्रासाचं कारण.'

"कारण काय लिहू?" मी विचारलं. माझ्या तोंडून हे कसं गेलं, देव जाणे.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हीच लिहा काय ते," म्हणाली आणि निघून गेली.

मी त्याच पावली हॉस्टेलवर गेले. दुपारची वेळ, सगळ्या मुली वॉर्डात, व्हरांड्यात कुणी नाही. मुंगीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती पलंगावर बसली होती, केस न विंचरलेले. मला बघून उठून उभी राहिली. तिच्या पलंगाखाली बांधलेली पेटी दिसली.

"मॅडम, मी घरी जाणार आहे," ती म्हणाली. "अर्ज लिहिलाय. उद्या प्राचार्यांना देते."

"बस," मी म्हणाले. ती बसली नाही, म्हणून मीही उभी राहिले.

"मी परत गेले होते त्या घरी," ती म्हणाली. नजर खाली. "तुम्ही ओरडल्यावर, पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात. मला माझंच खरं वाटेना. म्हटलं, काकूंना एवढंच विचारावं, मी आले होते ना? तेवढं एका कागदावर लिहून द्याल का? त्यांनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, 'बाई, कृपा कर आणि जा.' मग मला वाटलं, आपण खरंच..." ती थांबली. "मॅडम, माणसाला असं होऊ शकतं का? न गेलेल्या ठिकाणी गेल्यासारखं वाटणं?"

वहिनीने दार का उघडलं नव्हतं ते मला माहीत होतं. मीच त्या रविवारी तिला घाबरवून आले होते.

"तू गेली होतीस," मी म्हणाले. "फॉर्म खरा आहे. शब्दन् शब्द खरा आहे. मला तो वाचतानाच कळलं होतं."

तिने मान वर केली.

"ती नणंद मी आहे."

तिला ते समजायला थोडा वेळ लागला. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी सगळं बघितलं; बघायचंच असं ठरवलं होतं. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पहिल्यांदा रडली. मी जवळ जायला पाऊल उचललं तशी ती मागे सरकली. मी आपली तिथेच.

"मग तुम्ही... सगळ्यांसमोर..." तिचे शब्द तुटत होते. "मला वाटत होतं मी वेडी झालेय."

"चूक माझी आहे. मी वर्गात सांगते. आजच सांगते, का केलं तेही सांगते."

"नाही!" ती एकदम म्हणाली. डोळे पुसले. "का ते नाही सांगायचं. काकूंचं कळेल सगळ्यांना. त्यांनी ते मारल्याचं... मॅडम, त्यांना मी शब्द दिलाय."

मी गेली सहा वर्षं संशोधनातली गोपनीयता शिकवत होते. त्या दुपारी ती मी हॉस्टेलच्या खोलीत, न विंचरलेल्या केसांच्या मुलीकडून शिकले.

आधी प्राचार्यांकडे गेले. त्या माझ्याहून वयाने लहान, शांत, कमी बोलणाऱ्या. मी सगळं सांगितलं, फक्त घरातला तपशील गाळून. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"कल्याण समितीच्या अध्यक्ष तुम्हीच ना?"

"हो."

"हं," त्या म्हणाल्या. एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाराही जणी त्याच खोलीत होत्या. मुंगी शेवटच्या बाकावर, मैत्रीण तिला चिकटून. मी उभी राहिले. रात्रभर घोकलेली वाक्यं ऐन वेळी पळाली.

"त्या दिवशी मी हिच्यावर खोटेपणाचा आरोप केला," मी म्हणाले. "तो आरोप खोटा होता. आणि मला ते तेव्हाच माहीत होतं. गैरसमज नव्हता, चूक नव्हती. मी खोटं बोलले. हिने केलेल्या मुलाखती तुमच्या सगळ्यांपेक्षा, आणि मी केल्या असत्या त्याहीपेक्षा, चांगल्या आहेत. हिच्या वहीतला तो शेरा मी खोडलाय आणि खाली सही करून लिहिलंय." मग मुंगीकडे बघून म्हणाले, "मी तुझी माफी मागते."

समोरची एक, त्या दिवशी मोठ्याने वाचणारी, म्हणाली, "पण का, मॅडम?"

"ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे?"

"कारण आहे. पण ते सांगितलं तर दुसऱ्या कुणाचं नुकसान होईल."

"आम्ही असं उत्तर दिलं असतं तर तुम्हाला चाललं असतं?"

"नसतं चाललं," मी म्हणाले.

त्यांनी मनातल्या मनात काय कारण लावलं असेल ते असो. कुणी म्हणालं म्हणे की मॅडमना मुंगीचा हेवा वाटला. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. महिनाभर मी व्हरांड्यातून गेले की बोलणी थांबायची. ते मी गिळलं. गिळण्याजोगंच होतं.

प्राचार्यांनी प्रकरण संशोधनाच्या नैतिकता समितीकडे पाठवलं. तिने मुंगीचे नऊ फॉर्म अभ्यासात परत घेतले आणि दहावा वगळला, कारण संशोधकाच्या घरचं माणूस अभ्यासात असूच नये. याद्या न बघितल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. बाकी सगळे फॉर्म दुसऱ्या प्राध्यापिकेने नव्याने तपासायचे ठरले. पीएच.डी. दीड वर्षं लांबली. कल्याण समितीचं अध्यक्षपद मी आपणहून सोडलं. हे सगळं सोपं होतं.

अवघड होतं ते दुसऱ्या मजल्यावर.

मी बुधवारी गेले. वहिनीने दार उघडलं आणि मला बघून तिचा हात कडीवरच राहिला. "आज?" ती म्हणाली. "काय झालं? तुमच्या दादांचं काही...?"

"दादा बरा आहे. आत येऊ?"

माझ्याच माहेरात मी पहिल्यांदा परवानगी विचारून शिरले. आई जागी होती. मला बघून 'अगं' म्हणाली, चांगल्या सुरात. मी वहिनीला म्हणाले, "स्वयंपाकघरात बसू." ती बसली नाही, ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी तो फॉर्म वाचला," मी म्हणाले. "नाव नव्हतं. पण कळलं."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाली.

"माहीत आहे?"

"त्या मुलीने माहितीचा कागद दिला होता. म्हणाली, सवडीने वाचा. ती गेल्यावर वाचला. खाली तुमचं नाव होतं." तिने ओट्यावरचं फडकं उचललं आणि त्याची घडी घालायला लागली, उलगडायची आणि परत घालायची. "त्या दिवसापासून रविवार आला की मनात एकच. आज बोलतील, आता बोलतील. तुम्ही यायचात, पाठ बघायचात, चादर बघायचात, जायचात. मला वाटलं वाचलं नसेल. मग त्या रविवारी तुम्ही आईंचा हात हातात घेऊन..." फडक्याची घडी अर्धीच राहिली. "पोलीस बघतात तसा हात बघितलास तू. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं मी! हो, मारलं. चापट मारली. तीन वर्षांत एकदा. आणि त्या दिवसापासून मी धड झोपलेले नाही. तू एकदा तरी विचारायचंस, वहिनी, तू कशी आहेस?"

ती मला 'तू' म्हणाली होती. तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

खोलीतून आईची हाक आली, 'अगं'. वहिनी सवयीने निघाली. मी म्हणाले, "मी जाते." आईला पाणी हवं होतं. ते दिलं, तोंड पुसलं, परत आले. वहिनी आता खुर्चीवर बसली होती.

"मी वॉर्डात आठ तास काम करायचे," मी म्हणाले. "आठ तासांनी दुसरी यायची आणि मी घरी. त्या आठ तासांतही एकदा मी एका आजोबांचे दोन्ही हात पलंगाला बांधले होते, ते नळी ओढत होते म्हणून. आणि जेवायला गेले. परत येऊन सोडायचे हे विसरले. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तू चोवीस तास करतेस. तुला तक्ता लावून देणारी मी कोण?"

वहिनी 'असू दे' म्हणाली नाही. मी वाट बघत होते तशी, खोटं का बोला. तिने विचारलं, "त्या मुलीचं काय झालं? मी तिला दारातून घालवलं."

मी तेही सांगितलं, काही न लपवता. ऐकता ऐकता वहिनीने तोंडाला फडकं लावलं. "अरे देवा," ती म्हणाली. "एवढीशी पोर. दोन तास माझ्यासमोर जमिनीवर बसली होती. पाणीसुद्धा नाही मागितलं तिने." मग उठली, कपाटातून कागद काढला आणि तिथेच उभ्याने लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. तिने घडी घालून, चिकटवून दिलं. मी दुसऱ्या दिवशी मुंगीच्या हातात ठेवलं. तिने ते माझ्यासमोर उघडलं नाही.

मुंगीने बांधलेली पेटी परत उघडली, पण माझ्या विषयाचा प्रकल्प सोडून दुसऱ्या प्राध्यापिकेकडे गेली. पास झाली, चांगली पास झाली. शेवटच्या दिवशी सगळ्या मुली शिक्षकांना भेटायला आल्या, ती माझ्या खोलीत आली नाही. व्हरांड्यात समोर आली तेव्हा "येते, मॅडम," एवढं म्हणाली. मीही "ये" म्हणाले. त्याहून जास्त मागायचा मला हक्क नव्हता.

तक्ता मी त्याच बुधवारी उतरवला. शनिवार-रविवार आईकडे राहायला लागले, पूर्ण दोन दिवस आणि मधली रात्र. दादालाही कळवलं की पुढच्या सुट्टीत दोन महिने आईचं तो करणार. तो म्हणाला, "मला येईल का गं?" म्हटलं, "शिकवते." पहिल्याच शनिवारी दुपारपर्यंत माझी कंबर धरली आणि आईला चौथ्यांदा पुसताना माझ्या तोंडून चढ्या आवाजात काहीतरी गेलं. वहिनीने ऐकलं.

त्या शनिवारी मी तिला म्हणाले होते, "तू जा बाहेर. संध्याकाळपर्यंत येऊ नकोस." तिने साडी बदलली, पर्स घेतली, दारात दोनदा वळून औषधांच्या वेळा सांगितल्या आणि गेली. चाळीस मिनिटांत परत आली.

"काय झालं? काही विसरलीस?"

"नाही," ती म्हणाली. चप्पल पायातच होती. "कोपऱ्यापर्यंत गेले. मग कुठे जायचं तेच कळेना."

पुढच्या शनिवारी ती दीड तास गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी जेवणाआधी गेली आणि चारला आली, गालांवर ऊन घेऊन. कुठे गेली होती ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.